न टोचलेली रोपं

भोरात दीनानाथ मास्तरांचं घर विचारलं तर लोक पत्ता सांगत नसत. "काट्यांचं अंगण दिसेल तिथं थांबा," एवढंच म्हणत. माणसं दारात तुळस लावतात, मोगरा लावतात, फार तर कढीलिंब. मास्तरांनी कॅक्टस लावले होते. गोल, चपटे, लांबोडके, केसाळ, आणि काही तर इतके कुरूप की ते झाड आहे हे पाहुण्यांना सांगावं लागे. दारात काटे आले की घरात भांडणं येतात, असं आळीतल्या बायका म्हणायच्या. मास्तरांच्या बायकोला, कुंदाबाईंना, ते अनुभवानं पटलं होतं. कारण घरात जी काही भांडणं व्हायची ती या कुंड्यांवरूनच.

मास्तरांना घरात नाना म्हणत. जन्मभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा गेला. न दुखता, न खुपता, हळूहळू गेला. कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता डाव्याला जपा. तेव्हापासून कुंदाबाईंनी त्या डाव्या डोळ्यावर पहारा बसवला. बंबाचा धूर नको, उन्हात उघडं डोकं नको, संध्याकाळनंतर वाचन नको. नाना थट्टा करायचे, "नेम धरायला माणूस एक डोळा मिटतोच की." पण शुभाला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, ठाऊक होतं की एकटे असले की नाना डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून बघतात, सगळा अंधार झाला तर कसा असेल ते, आणि घाईनं हात काढून घेतात. एकदा तिनं दारातून ते पाहिलं होतं. ती आत न जाता तशीच मागं फिरली होती.

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात शुभा बाळंतपणासाठी साताऱ्याहून माहेरी आलेली होती. मुलगी झाली होती. चिमी म्हणायचे तिला. पोर नाकीडोळी नीटस, पण अंगानं अगदी किरकोळ. महिना होऊन गेला तरी बाळसं धरायचं नाव नाही. कारण उघड होतं, शुभाला दूध पुरत नव्हतं. अळीव झाले, डिंकाचे लाडू झाले, खसखशीची खीर झाली, शतावरी झाली. घरातल्या बायका तिच्यापुढं वाट्या ठेवायच्या आणि ती परीक्षेला बसल्यासारखी त्या संपवायची. पोर पाच मिनिटं ओढायची आणि मग रडायला लागायची. ते रडणं ऐकलं की शुभाला वाटायचं, आपल्याकडं एवढी एकच गोष्ट मागितली होती आणि तीही आपल्याला देता येत नाही.

"बाळसं धरू दे, मग चित्र काढतो तिचं," नाना म्हणायचे. "आत्ता काढलं तर मोठेपणी मला दोष देईल." आणि चष्मा कपाळावर सरकवून पोरीच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत बसायचे. एका डोळ्यानं बघायचं म्हणजे त्यांना फार जवळ जावं लागे. फार वेळ बघितलं की त्या डोळ्याला पाणी सुटे, आणि ते डाव्या हाताच्या अंगठ्यानं पुसायची त्यांना सवयच लागली होती.

त्या दिवसांत नानांच्या जीवाला घोर लागला होता तो लाल टोपीचा. हे त्यांचं सगळ्यांत लाडकं झाड. पुण्याच्या फुलांच्या प्रदर्शनात एका माळ्याशी दोस्ती करून त्यांनी ते मिळवलं होतं. वर लिंबाएवढा लालभडक गोळा आणि खाली हिरवा खांब. बघणाऱ्याला वाटे, खांबाला फूल आलंय. नाना सांगत, "फूल नव्हे, ती दोन वेगळी झाडं आहेत. वरच्या लाल्याच्या अंगात हिरवेपणाच नाही, त्यामुळं त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. जमिनीत लावला तर चार दिवसांत मरेल. म्हणून त्याला खालच्या खांबावर कलम करून बसवतात. खालचा कमावणार, वरचा मिरवणार."

"आपल्या घरातही तेच आहे," कुंदाबाई म्हणत.

तर त्या खालच्या खांबालाच बुडातून कूज लागली होती. दाबलं की बोट आत जात होतं. कूज वर चढायच्या आत लाल्याला कापून दुसऱ्या तरुण खांबावर चढवलं नाही तर तो जाणार, हे नक्की होतं. नानांच्या अंगणात तसा खांब उरला नव्हता. पण भाटघरला धरणाजवळ एका जुन्या बंगल्याचं कुंपण होतं. कुणा हौशी साहेबानं कधी काळी तिथं उंच खांबांसारखे वाढणारे कॅक्टस लावले होते, आणि त्यांच्या पायथ्याशी बोटाएवढी पिल्लं उगवत. नाना त्यांना खांब्या म्हणत. नानांचा जुना विद्यार्थी सोपान भाटघरलाच शेती करायचा. नानांनी त्याला निरोप धाडला, पिल्लं आण.

अडचण एकच होती. त्याच कुंपणात आपला गावठी निवडुंगही माजलेला होता, ज्याच्या अंगात पांढरा चीक असतो तो. पावसाळ्यात निवडुंगाला पानं फुटतात, तेव्हा लहान पोरालाही तो ओळखू येतो. चैत्रात मात्र पानं झडून जातात, आणि मग निवडुंगाचं पिल्लू आणि खांब्याचं पिल्लू शेजारी शेजारी ठेवली तर जुळ्या भावांसारखी दिसतात. दोन्ही हिरवी, दोन्ही धारदार कडांची, दोन्ही काटेरी. नानांनी शुभाला ती ओळखायला लहानपणीच शिकवलं होतं. खांब्याच्या कडेवर बारीक कापसाची गादी असते आणि त्या गादीतून काट्यांचा झुबका निघतो. निवडुंगाला गादी नसते, नुसत्या उंचवट्यावर काट्यांची जोडी असते. आणि तरी खात्री करायची तर सुईनं टोचायचं. पाणी आलं तर खांब्या, दूध आलं तर निवडुंग. फ्रॉकमधल्या वयापासून हे टोचायचं काम शुभाचं होतं. "डोळ्यावर विश्वास ठेव," नाना म्हणत, "पण सुईला विचारून."

सोपान टोपली घेऊन आला ती वेळ अक्काबाईंची होती. अक्काबाई रोज सकाळी जवळच्या वाडीतून चालत यायच्या, बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायच्या. अर्ध्या तालुक्यातली पोरं त्यांच्या पायांवर न्हालेली होती, त्यामुळं त्यांच्या शब्दाला घरात वजन होतं. सोपाननं टोपली ओसरीवर ठेवली.

"सर, लई हुडकून आणलीत बगा. काय तुमची असत्याल, काय कुंपणाची. म्या काय वळखत न्हाई."

"शुभा बघेल," नाना आनंदानं म्हणाले. "शुभे, अंघोळ झाली की सुई घेऊन बस गं. दुपारी कलम करू."

सोपान चहा पिऊन गेला. आतल्या खोलीत अक्काबाईंचा शुभाच्या पाठीवरचा हात थांबला.

"कशाला टोचायची सुई?"

शुभानं सांगितलं. अक्काबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"तसलं काय करू नगं, पोरी. दुदाच्या झाडाला बाळंतिणीनं जखम करू न्हाई. त्याचं दूद भुईला सांडलं की आपलं आटतं. माज्या सासूनं मला सांगितल्यालं, म्या माज्या सुनंला सांगितलंय. वडाचं पान बी तोडू देत न्हाई आमी, अंगावर पोर आसलं की."

"आमच्या विज्ञानाच्या बाईंना सांगायला हवं हे," शुभा हसून म्हणाली.

"तुज्या बाईला इचारून पोरगी बाळसं धरती का?" अक्काबाई म्हणाल्या, आणि पुन्हा चोळायला लागल्या.

शुभा मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली होती. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं आणि पाळण्यात किरकिरणारी पोर वेगळी. विषाची परीक्षा कशाला घ्या, असं तिच्या मनानं घेतलं. आणि एकदा घेतलं की घेतलं. ओसरीवर ती टोपलीपुढं बसली तेव्हा सुई तिनं पदराला टोचून ठेवली होती, ती तिथंच राहिली.

आपल्याला बघून ओळखता येतंच की, तिनं स्वतःची समजूत घातली. आणि खरंच येत होतं. तिनं एकेक रोप उचललं, उजेडाकडं धरलं, कडेवरून नजर फिरवली. गादी दिसली की उजवीकडं, काट्यांची जोडी दिसली की डावीकडं. काहींचे काटे टोपलीत घासून मोडले होते, त्यांच्यावर तिनं जास्त वेळ घालवला. काम छान चाललं होतं. जुने दिवस आठवून तिला बरंही वाटत होतं.

टोपलीच्या तळाशी थोडी रोपं उरली होती तेव्हा चिमी रडायला लागली. नेहमीचं किरकिरणं नव्हे, श्वास अडकल्यासारखं रडणं. शुभाच्या छातीत कळ आली आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा पान्हा फुटल्याचं तिला जाणवलं. चोळी ओली झाली. तिला दुसरं काही सुचलं नाही. तळातली उरलेली रोपं तिनं मुठीनं उचलली, उजवीकडच्या ढिगात टाकली आणि ती आत पळाली. त्या दिवशी पोर पोटभर प्यायली आणि पिता पिता झोपली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. शुभा ते पुसायचंही विसरून बघत बसली. टोपली तिच्या डोक्यातून साफ गेली होती.

"टोचलीस ना गं?" अंगणातून ओसरीवर आलेल्या नानांनी बाहेरून विचारलं.

"हो नाना," तिनं आतून सांगितलं. पोर उठू नये म्हणून हळूच सांगितलं.

नानांनी मग कलमाची तयारी केली. पाट, दाढीचं नवं पातं, स्पिरिटचा बोळा, सुताचं रीळ. कुजलेल्या खांबावरून लाल्याला त्यांनी अलगद कापून घेतलं आणि आतलं वर्तुळ स्वच्छ दिसेपर्यंत त्याच्या बुडाच्या चकत्या काढल्या. आता खालचा खांबही तसाच सपाट कापायचा, दोघांची वर्तुळं एकमेकांवर बसवायची, आणि सुतानं करकचून बांधून सावलीत ठेवायचं. उजवीकडच्या ढिगातून त्यांनी एक रोप घेतलं. बोटांनी चाचपलं. मग चष्मा वर सरकवला, तोंड अगदी रोपाजवळ नेलं आणि पातं फिरवलं.

कुंदाबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या. पुढं कित्येक दिवस त्या येईल त्याला सांगत होत्या की मी समोर होते, मी बघत होते, आणि तरी मला काही कळलं नाही. कळण्यासारखं काही झालंच नव्हतं. जवळून बघताना नानांच्या डोळ्याला पाणी आलं आणि त्यांनी ते डाव्या अंगठ्यानं पुसलं. रोज पुसायचे तसंच.

"शुभे," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "यात चीक आहे गं."

मग त्यांनी पातं खाली ठेवलं आणि डोळ्यावर हात दाबला.

पाणी मारलं, तांब्यावर तांबे मारले. कुंदाबाईंनी सगळ्या कुंड्यांना आणि त्यांना जन्म देणाऱ्याला शिव्या दिल्या. नाना म्हणाले, थोडं झोंबतंय, जाईल. संध्याकाळपर्यंत पापणी अशी सुजली की डोळा उघडेना, आणि त्यांच्यासारखा माणूस उशीत तोंड खुपसून कण्हायला लागला. कुणीतरी अक्काबाईंना बोलावून आणलं. त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाळंतिणीचं दूद घाला डोळ्यात," त्या म्हणाल्या. "आग निवती त्यानं."

कुंदाबाईंनी शुभाच्या हातात वाटी दिली. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून शुभा बसली आणि पिळायला लागली. दुपारी आपसूक वाहिलेलं दूध आता येईना. जे दूध वाचवायला आपण सुई पदराला ठेवली तेच आता आपण बापाच्या डोळ्यासाठी मागतोय, आणि ते यायला तयार नाही, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला हुंदका फुटला. वाटीचा तळ जेमतेम झाकला. कापसाच्या बोळ्यानं कुंदाबाईंनी ते थेंब नानांच्या पापणीत सोडले. नाना म्हणाले, "गार वाटलं." खरंच वाटलं की लेकीसाठी म्हणाले, ते कुणास ठाऊक.

सकाळच्या पहिल्या एसटीनं त्यांना पुण्याला नेलं. डोळ्यावर ओला पंचा धरून ते खिडकीशी बसले होते. शुभाला ओली बाळंतीण म्हणून घरीच थांबावं लागलं. डॉक्टरांनी औषधं घातली, पट्टी बांधली, खाट दिली. दोन महिने हेलपाटे झाले. जखम भरली, पण बुबुळावर फूल पडलं. उजेड आहे की अंधार, खिडकी कुठल्या बाजूला, एवढं नानांना कळत होतं. बाकी सगळं गेलं. काट्याचा नायटा होतो म्हणतात, इथं तर काटाही बोचला नव्हता.

लाल्या पाटावरच पडून राहिला होता. त्याच्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. गेलं तेव्हा तो वाळलेल्या सुपारीसारखा झाला होता. कुंदाबाईंनी तो उकिरड्यावर टाकला, आणि बाकीच्या कुंड्या सोपानला सांगून उचलून न्यायला लावल्या. शुभाचं दूध त्या आठवड्यातच पार आटलं. चिमीला वरचं दूध सुरू झालं, आणि वरच्या दुधावर पोरीनं झपाट्यानं बाळसं धरलं. गुबगुबीत झाली, हसायला लागली, मूठ चोखायला लागली. घरात तिचं कौतुक करायचं कुणाला सुचत नव्हतं, ती आपली आपली मोठी होत होती.

नानांनी शुभाला एका शब्दानं विचारलं नाही. तेच तिला सोसत नव्हतं. आई चिडली असती, नाना ओरडले असते तर तिनं पाय धरले असते. पण येणाऱ्याजाणाऱ्याला नाना सांगत, "माझीच चूक. हात धुवायच्या आधी डोळ्याला लावला. पोरांना जन्मभर सांगत आलो, रंगाचा हात डोळ्याला लावू नका." आणि हसत. शुभा स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकायची आणि हातातलं भांडं घासून घासून पातळ करायची.

साताऱ्याहून तिचे यजमान न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, कुंदाबाई देवळात गेल्या होत्या. नाना ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. शुभानं चिमीला आणून त्यांच्या मांडीवर दिलं आणि समोर बसली.

"नाना, मी रोपं टोचली नव्हती."

नानांचा हात पोरीच्या जावळावरून फिरत होता, तो फिरतच राहिला.

"तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. अक्काबाई म्हणाल्या की दूध आटेल, आणि मी घाबरले. सुई माझ्या पदरालाच होती, नाना."

"मला माहीत आहे," नाना म्हणाले.

शुभाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"अगं, अक्काबाईंचा आवाज काय, नदीपलीकडं ऐकू जातो. मी ओसरीवरच होतो. आणि रोप हातात घेतलं तेव्हा चाचपून बघितलं की. टोचलेलं असलं तर तिथं खपली लागते बोटाला. नव्हती. म्हटलं, भ्यायली पोर. भिणारच, लेकरू आहे अंगावर. मीच तुला ते काम सांगायला नको होतं."

"मग तुम्ही कापलंत कशाला?" शुभाचा आवाज फाटला. "दुसरी सुई घेऊन टोचायचं होतं, आईला सांगायचं होतं. का कापलंत, नाना?"

"तू निवडली होतीस म्हणून." नानांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "सुई काय, माझ्यासारख्या आंधळ्याला लागते. तुझी नजर मी तयार केलेली. तू एकेक रोप उजेडाला धरून बघितलं असशील आणि मगच उजवीकडं ठेवलं असशील, म्हणजे ते खांब्याच असणार, असं मी धरून चाललो. काटे मोडलेलं एखादं पिल्लू तुलाही चकवून गेलं, इतकंच. भल्याभल्यांना चकवतात ती." मग जरा पुढं वाकून, जणू एवढं एकच त्यांना कधीपासून विचारायचं होतं, अशा सुरात म्हणाले, "बघितलं होतंस ना गं सगळ्यांकडं?"

टोपलीचा तळ तिला दिसला. आपली मूठ दिसली. सुईची कबुली द्यायला तिनं महिनोन्‌महिने बळ गोळा केलं होतं, आणि ती तर त्यांना ठाऊकच होती. हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. लेकीनं एकेक रोप बघितलं होतं, याच आधारावर ते अंधारात बसले होते. सांगावं, म्हणून तिनं तोंड उघडलं. नाना उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मास्तरांची ती जुनी उत्सुकता होती, पोराची वही हातात घेताना असायची ती.

"हो नाना," ती म्हणाली. "एकेक बघितलं होतं."

"मग झालं तर. तुझा काही दोष नाही."

त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मांडीवर चिमी जागी झाली होती आणि त्यांच्याकडं टकामका बघत हुंकार देत होती. नाना तिच्याशी हसले. पण त्यांचं तोंड भलतीकडंच वळलं होतं. भिंतीकडं बघत ते बराच वेळ हसत राहिले, आणि शुभानं त्यांची हनुवटी धरून ती पोरीकडं वळवली नाही. तिचा हातच उचलला गेला नाही.